फलकाची पाठ

१

इमारत बंद झाली की तिच्या भिंतीवरच्या युद्धस्मारकाचं काय होतं, असा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही. मलाही पडला नव्हता, कारण ते सगळं माझ्याकडेच यायचं. रोजच्या हाताखालच्या गोष्टीचा माणूस विचार करत नाही.

शाळेला मुलं मिळेनाशी होतात, गिरणीला टाळं लागतं, जुनं पोस्ट पाडायला काढतात. बाकं विकली जातात, पंखे कुणीतरी आधीच लंपास केलेले असतात. मागे उरतो भिंतीवरचा पितळी फलक: इथले इतके जण लढाईवर गेले, परत आले नाहीत, आणि खाली नावांची यादी. तो विकायला कुणाचं मन धजत नाही आणि घरी न्यायला कुणी तयार नसतं. मग नगरपालिकेचा ट्रक तो आमच्या भांडारात आणून टाकतो. मी तिथली भांडारपाल. हुद्दा ऐकायला भारदस्त आहे. काम म्हणजे सकाळी दहाला कुलूप उघडायचं, आलेल्या वस्तूची नोंद करायची, धूळ झटकायची आणि साहेबांचा फोन आला की "हो साहेब" म्हणायचं.

माझ्या जोडीला लिंबूकाका. पितळ घासायला बाटलीतलं पॉलिश त्यांना चालत नाही. लिंबू आणि राख, बस. फलक ठेवायची पद्धतही त्यांचीच. आधी पातळ कागद लावून त्यावर काळं मेण फिरवायचं आणि नावांचा ठसा घ्यायचा. मग दोन-दोन फलक तोंडाला तोंड लावून, मध्ये ब्लँकेटचा तुकडा घालून, खोलीच्या मधोमध लाकडी घोडीवर उभे करायचे. अक्षरांना खरचटत नाही. "सव्वीस वर्षांत एक वेलांटी झिजली नाही," असं ते छाती काढून सांगायचे.

त्यामुळे आमच्या भांडारात शिरलं की एकही नाव दिसत नसे. दिसायच्या त्या नुसत्या पाठी. चुना चिकटलेल्या, हिरव्या-काळ्या पडलेल्या सोळा पाठी. सतरावा फलक आला आणि सगळं सुरू झालं.

२

सतरावा फलक टेलिफोन एक्स्चेंजचा होता. एकोणीस नावं. त्यातलं अकरावं माझ्या मामाचं.

मामाला मी पाहिलेलं नाही. तो एक्स्चेंजमध्ये लाइनमन होता. लढाईची हाक आली तेव्हा बाविसाव्या वर्षी गेला. शरीर आलं नाही, तार आली. वर्षभराने त्याच्या जागी त्याच्या धाकट्या बहिणीला नोकरी मिळाली, ती माझी आई. छत्तीस वर्षं रोज सकाळी दहाच्या ठोक्याला ती जिन्याशी थांबायची, अकराव्या नावावर बोट टेकवायची आणि मग वर आपल्या बोर्डावर जायची. निवृत्त झाल्यावरही सुटका नाही. फिरायला जाते म्हणून निघायची आणि वॉचमनला पटवून बोट लावून यायची. तिच्या बोटाने ते नाव जवळजवळ सपाट झालं होतं. बाकीचं पितळ तपकिरी, आणि तेवढंच सोन्यासारखं.

मग आईचे गुडघे गेले आणि पाठोपाठ एक्स्चेंज गेलं.

"फलक कुठे लावला गं?" तिने विचारलं.

"नव्या ऑफिसात. अगदी दर्शनी भागात." मी ठोकून दिलं. म्हातारीच्या जिवाला घोर कशाला, असं मनाशी म्हटलं. खरं तर तोंड द्यायची हिंमत नव्हती. कारण त्याच आठवड्यात साहेबांचं पत्र आलं होतं: भांडाराची इमारतही आता बंद करायची आहे. महिनाअखेरपर्यंत ज्या फलकांवर कुणी हक्क सांगणार नाही, ते वितळवायला भट्टीकडे पाठवावेत.

मी हक्काचा अर्ज भरायचं ठरवलं होतं, पण उद्या करू, उद्या करू. आमच्या घराण्यात उद्याला मरण नाही.

३

एक्स्चेंजच्या फलकाला जोडीदार नव्हता. म्हणून तो एकटाच, तोंड ब्लँकेटकडे आणि पाठ माझ्या टेबलाकडे करून उभा होता. डबा खाता खाता माझं लक्ष गेलं. सगळ्या पाठीवर चुना आणि हिरवट बुरशीसारखा थर, पण एके ठिकाणी बोटाच्या पेराएवढा ठिपका लखलखत होता.

मी सुतळीने माप घेतलं. वरून किती, डावीकडून किती. मग पुढे जाऊन तेच माप उलट बाजूने लावलं. सुतळीचं टोक अकराव्या नावावर आलं.

"काका, पुढून झिजलं की मागून चकाकतं का हो?"

"बुटाचा तळ झिजला म्हणून वरून पॉलिश होतं का बाई?" ते म्हणाले. मग चष्मा लावून त्यांनी ठिपका पाहिला आणि अंगठ्याने चाचपला. "हे घासलेलं आहे," ते म्हणाले. "वर्षानुवर्षं. हलक्या हाताने."

"मागे भिंत होती काका. चार स्क्रू आणि चुना."

"तेच म्हणतोय मी."

मला भीती वाटली नाही, हे प्रामाणिकपणे सांगते. मला भारी मजा वाटली. सव्वीस वर्षांच्या नोकरीत माझ्या समोर पहिल्यांदाच काहीतरी घडत होतं.

४

मी बाकीच्या सोळा फलकांच्या पाठी तपासल्या. चुना जाड होता म्हणून आजवर दिसलं नव्हतं. शाळेच्या फलकामागे दोन ठिपके. गिरणीच्या मागे सात. पोस्टाच्या मागे एक, अगदी लहान. प्रत्येक ठिपक्याच्या बरोबर पुढच्या बाजूला असं नाव, ज्याला कुणीतरी कधीकाळी रोज हात लावत होतं. ज्या नावांना कुणी हात लावला नव्हता, त्यांच्या मागे काही नव्हतं.

यावर मी एक छान उत्तर तयार केलं. पुढून माणसाच्या बोटाची ऊब लागते, ती धातूतून मागे जाते, तिथे ओल धरत नाही, चुना सुटून येतो. मला माझ्याच हुशारीचं कौतुक वाटलं. शहानिशा करावी म्हणून मी लिंबूकाकांच्या राखेत तेल कालवलं आणि अकराव्या नावामागचा ठिपका लेपून टाकला. आता पुढून कुणी हात लावणारं नव्हतं. माझं उत्तर बरोबर असेल तर तो काळाच राहायला हवा.

दुसऱ्या दिवशी दहाला कुलूप उघडलं. ठिपका स्वच्छ होता. लेप एका बाजूला ओढल्यासारखा सरकला होता.

"काका, तुम्ही पुसलंत?"

"लिंबाशिवाय मी पितळेला हात लावत नाही," ते तोऱ्यात म्हणाले. आणि किल्ली तर एकच, माझ्या कमरेला.

मी सगळी पाठच लेपली. त्यानंतर रोज सकाळी कागद लावून मेणाने मागच्या बाजूचा ठसा घेऊ लागले. पहिल्या दिवशी एकच जागा, अकरावी. दुसऱ्या दिवशी तिच्या आजूबाजूला तीन. चौथ्या दिवशी कागदभर. सात दिवसांचे सात कागद मी जमिनीवर ओळीने मांडले आणि लिंबूकाकांना बोलावलं. अनोळखी खोलीत अंधारात दिव्याचं बटण चाचपावं तशा खुणा होत्या. इथे नाही, मग इथे, मग थोडं खाली, मग पुन्हा पहिल्या जागी.

"कुणीतरी हरवलंय त्याचं," लिंबूकाका म्हणाले.

पुढच्या बाजूला मामाचं नाव हळूहळू तपकिरी पडत चाललं होतं.

५

त्या दुपारी नोंदवहीत मान घालून बसले असताना मला एक साधी गोष्ट सुचली आणि हातातलं पेन तसंच राहिलं.

फलक एक्स्चेंजमध्ये होता तेव्हा त्याच्या मागे भिंत होती. जे काही होतं ते भिंतीच्या आत, चुन्याच्या पलीकडे. इथे त्याच्या मागे काय होतं? माझं टेबल होतं. माझी खुर्ची, माझी डब्याची पिशवी. अक्षरं झिजू नयेत म्हणून आम्ही सगळ्यांची तोंडं बंद केली होती आणि सगळ्यांच्या पाठी खोलीकडे उघड्या टाकल्या होत्या.

म्हणजे जो कुणी ती पाठ चाचपत होता, तो चाचपताना या खोलीतच उभा असला पाहिजे.

मी खुर्ची जरा बाजूला सरकवली. मग स्वतःचंच हसू आलं आणि परत जागेवर आणली. मग पुन्हा सरकवली.

६

घरी आई खिडकीशी बसून उजव्या हाताची तर्जनी डाव्या हाताने चोळत होती. हल्ली हाच चाळा.

"दुखतंय का?"

"दुखत नाही. रिकामं वाटतं." मग थोड्या वेळाने, "तुला एक सांगू? हसशील. पितळ कधी कधी गरम असायचं. जिन्याखाली ऊन नाही, काही नाही. मला उशीर झाला की जास्त गरम. लहानपणी शाळेतून आणायला यायचा ना दादा, तसा वाट बघायचा."

मी सगळं सांगून टाकलं. नवं ऑफिस खोटं, भांडार खरं, महिनाअखेर, भट्टी. ती रागावेल, रडेल असं वाटलं होतं. तिने फक्त विचारलं, "मागे भिंत आहे ना त्याच्या?"

"नाही."

"मग काय आहे?"

"खोली. आम्ही."

तिचं बोट थांबलं. "भिंत पाहिजे गं," ती म्हणाली. "भिंत असली की कोण कुठे ते ठरलेलं असतं." आणि लगेच, जणू काही झालंच नाही अशा आवाजात, "उद्या दहाला मला घेऊन चल. साडी इस्त्रीची काढ."

७

लिंबूकाकांनी आईसाठी खुर्ची पुसून ठेवली होती, दारापासून टेबलापर्यंत अंथरलेलं ब्लँकेटही झटकलं होतं. तिला दोन्ही बाजूंनी धरून आम्ही आत आणलं. फलक मी टेबलावर उभा केला. जड असल्यामुळे कुणीतरी मागून धरणं भाग होतं. मी मागे गेले, दोन्ही तळवे पाठीवर टेकवले आणि फलकाच्या वरून पुढे पाहत राहिले. समोर आई खुर्चीत. तिच्या कोपराला धरून लिंबूकाका. खोलीत चौथं कुणी नव्हतं. दार बंद होतं, उन्हाचा पट्टा जमिनीवर पडला होता, बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"अकरावं," लिंबूकाका म्हणाले.

"मला नका सांगू," आई म्हणाली आणि न पाहता बोट टेकवलं.

काहीच झालं नाही. मी मनात दहापर्यंत मोजलं. आईचा चेहरा पडायला लागला. "गार आहे," ती म्हणाली. "दादा गेला वाटतं."

तेव्हा माझ्या उजव्या हाताला कुणीतरी बोट लावलं.

मागून. माझ्या खांद्यावरून. रांगेत मध्ये उभ्या असलेल्या माणसाला आपण हलकेच बाजूला करतो ना, तसं. माझा तळवा नेमका त्या ठिपक्यावर होता. मी वाटेत होते. बोट गरम होतं, नखाच्या कडेला खरखरीत. ओरडावं असं मला सुचलंसुद्धा नाही. मी हात सरकवला, एवढंच. नकळत, सवयीने, एखाद्याला वाट द्यावी तसा.

मान वळवली नाही. डोळ्याच्या कोपऱ्यात एक बाही दिसली. मळकट हिरवी. मनगटाशी बटण नव्हतं, नुसता दोरा लोंबत होता. तो माझ्या गालाला लागेल असं वाटलं.

"आला," आई म्हणाली. तिचे डोळे मिटले होते आणि गाल ओले होते. लिंबूकाका माझ्याकडे पाहत होते. माझ्याकडे नाही, माझ्या थोडं मागे.

रिक्षातून घरी येताना मी सहज विचारावं तसं विचारलं, "मामाच्या शर्टाचं बटण तुटलेलं होतं का गं?"

आईने बाहेर पाहतच उत्तर दिलं. "निघायची घाई होती. आल्यावर लाव म्हणाला."

ते बटण आमच्या घरी आहे. औषधाच्या डबीत. मी लहानपणापासून पाहत आले होते आणि ते कशाचं, हे कधी विचारलं नव्हतं.

८

मग आम्ही कामाला लागलो. लिंबूकाकांनी आपली सव्वीस वर्षांची पद्धत स्वतःच्या हाताने मोडली. एकेक जोडी सोडवली, सगळे फलक भिंतीला पाठ लावून उभे केले. मी जुने पत्ते शोधून पत्रं टाकली. पाच फलकांना माणसं मिळाली. एक म्हातारे मास्तर तर शाळेचा फलक घ्यायला नातवाची गाडी घेऊन आले आणि दारातच नाव शोधू लागले.

बारा उरले. महिन्याच्या शेवटच्या दिवशी भट्टीचा ट्रक आला. हमालांनी पहिला फलक, गिरणीचा, भिंतीपासून ओढला आणि त्यातला एक म्हणाला, "बाई, याला मागून कुणी हात मारला का आत्ता?"

मी पाहिलं. सात ठिपके आता नावांमागे नव्हते. ते कडेला होते. डाव्या कडेला ओळीने चार, उजव्या कडेला तीन. आपल्या हातातून कुणी वस्तू ओढून नेत असेल तर आपण ती जशी धरू, तसे.

"खाली ठेवा," मी म्हटलं.

"साहेबांचा हुकूम आहे."

"हक्काचे अर्ज आलेत." आले नव्हते. मी आत गेले आणि लिहिले. बारा अर्ज, एका बैठकीत, मामाच्या फलकाचाही त्यातच. अर्जात एक रकाना असतो: मृताशी नातं. एका ठिकाणी मी 'भाची' लिहिलं. बाकी अकरा ठिकाणी काय लिहावं कळेना. लिंबूकाका मागे येऊन उभे राहिले. "शेजारी लिहा," ते म्हणाले. "इतकी वर्षं एका खोलीत राहिलो. खोटं नाही ते."

साहेबांनी फोनवर विचारलं, मला वेड लागलंय का. मी म्हटलं, "हो साहेब."

९

आमचं घर लहान आहे. चार फलक बाहेरच्या खोलीत, तीन स्वयंपाकघरात, चार जिन्यात. मामाचा आईच्या पलंगाशी. सगळे पक्के, पाठीला भिंत. सकाळी दहाला खालच्या ओळींना आई बोट लावायची, वरच्यांना मी. शेवटी तिचं अकरावं नाव. ती दोन वर्षं जगली आणि समाधानाने जगली. तिच्या तर्जनीला पितळेचा वास यायचा.

ती गेली त्याला आता तीन वर्षं झाली. मामाच्या नावाला मी हात लावते, गरम असतं. पण आई गेल्याच्या तेराव्या दिवशी बोट घसरून खाली गेलं, यादी संपते तिथे, कोऱ्या पितळेवर. तिथेही एक जागा गरम लागली. बोटाच्या पेराएवढी. तिथे नाव नाही. त्या दिवशी मी पलंगावर बसून पोटभर रडले, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं. मागे काय आहे हे मी काढून पाहिलेलं नाही. कुतूहलालाही कुठेतरी लाज असावी.

आईच्या पलंगावर आता मीच झोपते. गेल्या महिन्यात मला ताप भरला. दहा वाजून गेले, उठवेना. साडेदहाला आवाज सुरू झाला. कापडाने पितळ पुसावं तसा बारीक आवाज, पण भिंतींच्या आतून. आधी जिन्यात, मग स्वयंपाकघरात, मग माझ्या उशाशी. मी भिंत धरधरून उठले आणि प्रत्येकाला बोट लावलं. शेवटच्या नावापर्यंत पोचले तेव्हा अकरा झाले होते आणि पितळ इतकं तापलं होतं की चटका बसला.

आता बरी आहे. पण मला मूलबाळ नाही, आणि लिंबूकाकांना जिना चढवत नाही. एक इमारत बंद झाली, मग दुसरी झाली. हेही एक घरच आहे, आणि घरंही बंद होतात. म्हणून हे लिहून ठेवते आहे.

काम अवघड नाही. सकाळी दहा वाजता यायचं. कोणत्या नावांना हात लावायचा ते बोटाला आपोआप कळतं. किल्ली समोरच्या शिंपिणीकडे आहे, तिला सांगून ठेवलंय. फलक भिंतीवरून काढू नका. आणि एखाद्या सकाळी मी घरात दिसले नाही, तर पलंगाशेजारच्या फलकावर, यादीच्या खाली, हात ठेवून बघा. तिथे एकाऐवजी दोन जागा गरम लागल्या, तर मला शोधत बसू नका. बाकीचे अकरा फलक करा, आणि उद्या उशीर करू नका.